सरकीचा प्रश्न

आम्ही बौद्ध झालो त्या साली बाबांनी कोनाड्यातले देव उतरवले. दोन टाक आणि एक काचेची तसबीर, एवढेच होते ते. फडक्यात बांधून नदीवर नेऊन सोडले आणि परत येऊन हात-पाय धुतले. कोनाडा रिकामा झाला. मायनं तो शेणामातीनं सारवून घेतला, पण रोज दिवेलागणीला तिचे पाय तिथंच वळायचे आणि हातात दिवा घेऊन ती थबकायची. चौथ्या-पाचव्या दिवशी तिनं विचारलं, "देव गेले, मंग दिवा कोनासाठी लावाचा?" बाबा भाकरीची वाट पाहत बसले होते. म्हणाले, "आपल्यासाठी. आपल्याले दिसाले नको का?" माय हसली आणि मग गंभीर झाली. म्हणाली, "बरं. पन या टायमाले आपुन हात जोडत व्हतो. आता काय कराचं?" त्यावर बाबांनी ताईची पाटी उचलून कोनाड्यात उभी केली आणि सांगितलं, "रोज एक सवाल. ज्याले जे समजत नाई ते त्यानं इचाराचं. समद्यानं मिळून उत्तर शोधाचं." आमच्या घरातला हा रिवाज असा सुरू झाला. पाटीवरचा पहिला प्रश्न मायचाच होता, दिव्याचा.

आमचं घर दिग्रसच्या कडेला, कापसातली सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्याच्या, म्हणजे जिनाच्या, भिंतीपासून हाकेच्या अंतरावर. कापसाच्या दिवसांत तिथल्या यंत्रांची, रेच्यांची, घरघर सकाळपासून सुरू व्हायची आणि भोंगा झाला की आमच्या चुलीवरची भांडी थरथरायची. बाबा रेच्यांना तेल द्यायच्या कामावर होते. घरी यायचे तेव्हा भुवयांवर, मिशीवर, कानाच्या पाळ्यांवर कापसाची रुई बसलेली असायची. ताई म्हणायची, "बाबा, तुमी रोज म्हातारे होऊन येता अन् तोंड धुतलं का जवान होता." माय दुसऱ्याच्या शेतात निंदायला, वेचायला जायची. तिला अक्षरओळख नव्हती. बाबा सही करायचे, आकडे वाचायचे, त्यापुढे गेले की डोळे चोळायचे. खरी शाळा शिकली ती कुसुमताई. माझ्याहून सात वर्षांनी मोठी, सातवी पास. पाटीवर लिहिणं तिच्याकडे होतं आणि पाटी रोज पुसली जाते म्हणून तिनं एक वही घातली. चार रकाने आखले: क्रमांक, प्रश्न, कोणी विचारला, उत्तर. उत्तर सापडलं नाही तर तिथं "शोधत आहोत" असं लिहायचं, पण रकाना रिकामा सोडायचा नाही, हा तिचा नियम.

ती वही माझ्यापुढे आहे. आज मी किराण्यापासून औषधांपर्यंत सगळ्याच्या याद्या करते, मुलं त्यावरून चेष्टा करतात. कुठून आलं हे, असं त्यांनी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर हेच सांगितलं असतं.

वहीतला अकरावा प्रश्न मायचा आहे: भाकर फुगते तेव्हा तिच्या पोटात कोण शिरतं? बाबा म्हणाले, हवा. ताई म्हणाली, वाफ. माय म्हणाली, "भांडू नका, पाहून घेऊ." तिनं तव्यावरच्या भाकरीला सुई टोचली. भाकर फुगली नाही. दुसरीला कडेला टोचलं, ती एका अंगानं फुगली. तिसरी न टोचता ताईनं फुगल्याबरोबर फोडली आणि तिची बोटं वाफेनं भाजली. "वाफच हाये! वाफच हाये!" करत ती भाजलेली बोटं तोंडात घालून नाचत होती. त्या दिवशी सगळ्या भाकरी चपट्या, कडक आणि भोकाभोकाच्या झाल्या. अंबाडीच्या भाजीत बुडवून बुडवून आम्ही त्या खाल्ल्या. शेजारच्या गंगूकाकू दारातून डोकावल्या. "अवं, तुमच्या घरी भाकरीचीबी परीक्षा होते का?" माय म्हणाली, "व्हय. अन् भाकर पास झाली, आमीच नापास." असं आमचं चालायचं. मुंगी भिंतीवरून पडत का नाही, आवाज अगोदर येतो की भोंग्याची वाफ अगोदर दिसते, जवस भाजताना का उडतं. ज्या घरात दोन लुगडी आणि एक कंदील होता त्या घरात मला कशाची कमी वाटली नाही, याचं कारण मी पुष्कळदा शोधलं आहे. दर वेळी त्या कोनाड्याशीच येऊन थांबते.

ताईचं लग्न उन्हाळ्यात झालं. स्थळ मुकुटबनकडचं. दिग्रसहून यवतमाळ, तिथून वणी, वणीहून पुढं मिळेल ते. दोन दिवसांची वाट. मुलगा शेतकरी होता, शांत होता, थोडं वाचायचा. पाठवणीच्या वेळी ताईनं वही माझ्या हातात दिली. "शके, आता ही तुही. एकबी रकाना रिकामा ठेवू नको." मी दहा वर्षांची होते, मान जोरात हलवली. ताई ट्रंकेवर बसली होती आणि माय तिची वेणी पुन्हा घालत होती, खरं तर ती नीट होती. वेणी घालता घालता माय म्हणाली, "कागद धाडत जा. खुशाली नको लिवू. खुशाली समदेच लिवते, मरनारबी लिवते. तू सवाल लिव. सवाल आला का मी समजीन, पोरगी बरी हाये. नाई आला का मी निघून येईन, बोलावनं नाई पाहनार." ताई म्हणाली, "अन् मले सवालच नाई सुचला तं?" माय म्हणाली, "तुले? मंग तं मी पयलेच येईन."

मी तिथंच उभी होते. ट्रंकेची कडी धरून. शब्दन् शब्द ऐकला होता.

पहिलं कार्ड पेरणीच्या सुमारास आलं. कार्डं दुपारची यायची आणि वाचायचं काम माझं. ताईनं लिहिलं होतं, इथल्या विहिरीचं पाणी उकळलं की भांड्याला आतून पांढरा थर धरतो, तो कुठून येतो? मायनं ते ऐकून कार्ड माझ्या हातून घेतलं, उलटं-सुलटं पाहिलं आणि छातीशी धरलं. "बरी हाये," एवढंच म्हणाली. उत्तर बाबांनी आणलं, जिनातल्या बॉयलरवाल्याकडून: तिकडं जमिनीत चुन्याचा दगड आहे, तो पाण्यात विरतो. दुसरं कार्ड पोळ्यानंतर. वासरू दूध पिताना गाईला डोक्यानं धक्के का मारतं? यावर आमच्या घरी तीन दिवस वाद झाला आणि माय गवळ्याच्या गोठ्यात जाऊन बसून आली. त्याच कार्डात ताईनं खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की तिला दिवस गेलेत. मायनं ती ओळ माझ्याकडून चार वेळा वाचून घेतली आणि चारही वेळा जणू पहिल्यांदाच ऐकत होती. दिवाळीच्या सुमारास तिला माहेरी आणायचं बाबांच्या मनात होतं, पण तिकडून निरोप आला, वेचणी आटोपल्यावर पाठवू.

तिसरं कार्ड वेचणीच्या भरात आलं. मी शाळेतून आले तेव्हा ते दाराच्या फटीत पडलं होतं. उभ्यानंच वाचलं. "मी खुशाल आहे. आपणा सर्वांची खुशाली कळवावी. इकडे कापूस बरा आहे. मामंजी, सासूबाई बरे आहेत." पुढं सही. अक्षर बारीक, ओळी उजवीकडे उतरत गेलेल्या. मी कार्ड उलटलं. मागं फक्त पत्ता. पुन्हा पुढून पाहिलं. सहीच्या खाली दोन बोटं जागा कोरी होती.

त्या क्षणी माझ्या डोक्यात काय आलं ते मी इतक्या वर्षांत अनेकदा तपासून पाहिलं आहे. भीती आली नाही. माय काय म्हणाली होती ते आठवलं नाही, म्हणजे आठवलं, पण ते वहीच्याच कामाचं काहीतरी आहे असं वाटलं. मला एवढंच वाटलं की ताई विसरली. इतकी नीटनेटकी ताई, तिच्याकडून राहून गेलं असेल, आणि वहीत ओळ कोरी पडणार. तेवढ्यात माय आली. कमरेला वेचलेला कापूस टाकायचा झोळीसारखा ओटा बांधलेला, बोटांवर बोंडांचे ओरखडे, लुगड्याच्या काठाला कापसाचे फुलके चिकटलेले. आल्या आल्या तिनं माझ्या हातातलं कार्ड पाहिलं.

"आला? वाच, वाच."

मी वाचलं. सहीपाशी थांबले. माय काठाचा एक फुलका काढून बोटांत चुरगाळत होती आणि त्यातली सरकी बाहेर येत होती. तिची नजर माझ्या तोंडावर होती.

"अन् सवाल?"

"सरकीले," मी म्हणाले, "सरकीले कापूस कायले लागते?"

मायनं हातातल्या सरकीकडं पाहिलं. मग डोकं मागं टाकून हसली. "आयकलं का! मी जल्मभर वेचून राह्यली, माह्या ध्यानात नाई आलं. पोरगी बरी हाये माही." आणि ती रांजणाकडं तोंड धुवायला गेली. मी वही काढली. क्रमांक घातला, प्रश्न लिहिला, कोणी विचारला या रकान्यात लिहिलं: ताई. ओळ भरली. मला बरं वाटलं.

त्यानंतरचे जवळजवळ तीन आठवडे माय त्या प्रश्नाच्या मागं होती. शेतात वेचणाऱ्या बायांना विचारलं. त्या म्हणाल्या, "आपल्याले काम लागावं म्हून." बाबांनी जिनातल्या मिस्त्रीला विचारलं. मिस्त्री म्हणाला, "सरकीले थंडी वाजते, तिची गोधडी हाये ते." माय हे सगळं घरी आणायची, जेवताना सांगायची, स्वतःच हसायची आणि म्हणायची, "नाई, हे नोहे." तुरीच्या शेंगा उकडून परातीत ओतल्या की सोलता सोलता पुन्हा तोच विषय. इतकी आनंदी मी तिला क्वचितच पाहिली होती. लेक दूर होती, पण तिचा सवाल घरात होता. मी मान खाली घालून शेंगा सोलायचे. दोन-तीनदा सांगावंसं वाटलं. पण इतकं सगळं जमलेलं मोडायचं कसं, ते कळेना.

अखेर ती माझ्या शाळेतच आली. पदर सारखा करत गुरुजींपुढं उभी राहिली आणि विचारलं. गुरुजींनी खडू खाली ठेवला. म्हणाले, "बाई, तो कापूस बियाचे पंख आहेत. वाऱ्यानं बी दूर उडून जावं म्हणून. झाडाच्या बुडाशीच पडलं तर सावलीत राहील, वाढणार नाही." वाटेनं येताना माय एकदाच म्हणाली, "म्हंजे मायपासून दूर धाडा लागते." त्याच दिवशी तिनं मला कार्ड लिहायला बसवलं. उत्तर लिहून घेतलं आणि शेवटी सांगितलं, "लिव, तुह्या सवालानं माह्या जीवाले लय सोबत केली."

मी ते लिहिलं. माझ्या हातानं.

त्यानंतर बारा दिवसांनी दुपारच्या गाडीनं एक माणूस आला आणि अंगणात उभा राहून बाबा कुठं आहेत विचारू लागला. ताई गेली होती. माय-बाबा निघाले तेव्हा मला गंगूकाकूंकडे ठेवलं. ते तिकडं पोचायच्या आधीच सगळं आटोपलं होतं. इतकी वाट, कोण थांबवून ठेवणार. पाचव्या दिवशी ते परत आले. बाबांच्या खांद्यावर ताईची ट्रंक होती आणि मागं भाऊजी होते.

भाऊजी ओसरीवर बसले. गंगूकाकूंनी पाणी पुढं ठेवलं ते त्यांनी घेतलं नाही. खाली पाहत बोलत राहिले. "ताप येत व्हता. येत व्हता, जात व्हता. वेचनी चालू, कोनाले वाटलं नाई इतकं. मांगून पिवळी पडली. वनीले दवाखान्यात न्या म्हनून गाडी जुपली, तं अर्ध्या वाटेत..." मग म्हणाले, "तुमचं कार्ड आलं त्या दिशी उठून बसली व्हती. डोळ्याले दिसे नाई नीट, मले म्हने तुमी वाचा. दोनदा वाचाले लावलं. मंग हासली. म्हने, आमची शकी." त्यांनी खांद्यावरच्या दुपट्ट्यात तोंड घातलं. "मले समजलं नाई काहून हासली."

माय माझ्याकडं पाहत होती. मी उठून घरात गेले आणि कोठीच्या मागं जाऊन बसले.

कोणी काही विचारलं नाही. पाटी कोनाड्यात तशीच उभी राहिली, कोरी. माय दिवा लावायची आणि मागं फिरायची. जिनाचा हंगाम संपला, रेचे थांबले आणि भांड्यांची थरथर थांबली. ती थांबल्यावर घर किती गप्प आहे ते ऐकू येऊ लागलं. मग एका दिवेलागणीला मायनं पाटी काढली, पदरानं पुसली आणि माझ्यापुढं ठेवली.

"शके, मले वाचाले शिकव."

बाबा म्हणाले, "आता? या वयात?"

"आताच. मले आता कोनाच्या तोंडून आयकाचं नाई."

ती हे रागानं बोलली नाही. पण मी समजले. मला वाटतं, "आमची शकी" ऐकलं त्याच दिवशी तिनं हे ठरवलं होतं. विचारून घ्यायचं नाही, वाचून घ्यायचं. मी शिकवायला लागले. परातीत पीठ पसरून त्यात बोटानं अक्षरं काढायचो, पहिलं 'क', कुसुमचा. त्याच पिठाच्या मग भाकरी व्हायच्या. एखादं अक्षर गिरवताना तिला मध्येच हसू यायचं, "हे तं बैलाचं तोंड हाये," आणि मी हसले की आम्ही दोघी एकदम गप्प व्हायचो. मी तिला हळू शिकवलं. जाणूनबुजून हळू. एका काना-मात्रेवर आठ-आठ दिवस काढले. ताईची कार्डं मी ट्रंकेत खालच्या अंगाला, लुगड्यांच्या घडीखाली सारून ठेवली होती. पण माय माझ्यापुढं धावत होती. जिनाच्या फाटकावरची पाटी वाचली, गव्हाच्या पोत्यावरचं नाव वाचलं, बसच्या कपाळावरचं "पुसद" वाचलं आणि बस निघून गेली तरी ते म्हणत राहिली.

चैत्राच्या एका दुपारी मी शाळेतून आले तर ट्रंक उघडी होती. माय भिंतीला टेकून बसली होती आणि तिन्ही कार्डं तिच्या मांडीवर. तिनं मला समोर बसायला खुणावलं. पहिलं कार्ड वाचलं, अक्षराला अक्षर लावत. विहिरीचं पाणी, पांढरा थर. दुसरं वाचलं. वासरू, आणि खालची बारीक ओळ. तिथं थोडी थांबली. मग तिसरं घेतलं. "मी... खुशाल... आहे." तिचं बोट ओळींबरोबर उजवीकडं उतरत होतं. सही झाली. बोट थांबलं नाही. खालच्या कोऱ्या जागेवरून सरकत कार्डाच्या कडेपर्यंत गेलं आणि कडेवर राहिलं.

"इथं काई नाई," माय म्हणाली.

"नाई."

"सरकीचा?"

"माहा."

जिन बंद होतं. कुठून काही आवाज नव्हता. मार बसेल म्हणून मी मान खाली घातली होती. बसायला हवा होता असं आजही वाटतं.

"काहून?"

"रकाना," मी म्हणाले, "रकाना रिकामा राह्यला असता."

माय माझ्याकडं बघत राहिली. तिच्या तोंडावर काय होतं ते मला लिहिता येत नाही. मग म्हणाली, "वही आन. अन् शिसपेन्सिल."

मी आणून दिली. तिनं पान शोधायला मला सांगितलं नाही, स्वतः शोधलं, बोटानं एकेक ओळ वाचत. सरकीची ओळ सापडल्यावर "कोणी विचारला" या रकान्यातल्या 'ताई' या अक्षरांवर तिनं एक आडवी रेघ मारली. त्याशेजारी, जागा पुरत नव्हती तरी, लिहिलं: शकू. तो तिनं वहीत लिहिलेला पहिला शब्द. पेन्सिल इतकी दाबली होती की मागच्या पानावर आजही बोट फिरवलं तर ते नाव लागतं.

"ज्यानं इचारलं त्याचं नाव लागते," ती म्हणाली. मग, "सवाल चांगला व्हता."

मला रडू फुटलं ते तेव्हा. ताई गेली त्या दिवशी कोठीमागं मी रडले नव्हते. मायनं मला जवळ ओढलं नाही, दूरही केलं नाही. माझं रडणं होईपर्यंत वही मांडीवर घेऊन बसून राहिली. मग तिनं पुढच्या ओळीत क्रमांक घातला. "कोणी विचारला" इथं लिहिलं, माय. प्रश्नाच्या रकान्यावर पेन्सिल टेकवली, तिथंच धरून ठेवली आणि उचलली. मी डोळे पुसले, तिच्या हातून पेन्सिल घ्यायला हात पुढं केला.

"तू सांग, मी लिवतो. काय लिवू?"

"राहू दे," माय म्हणाली.

पाटी त्या दिवसापासून पुन्हा सुरू झाली. वहीत त्यानंतर शंभराच्या वर प्रश्न आहेत, पुष्कळसे मायच्या हातचे. मायच्या नावाची ती ओळ तशीच आहे, प्रश्नाचा रकाना कोरा. उत्तराच्या रकान्यात निदान "शोधत आहोत" लिहावं, असं ती गेल्यावर एकदा माझ्या मनात आलं होतं. पेन्सिल काढलीही होती. परत ठेवून दिली.